पागेच्या दारातली पालथी कुंडी

आधी लिदीचं सांगतो. पागा मोडली म्हटलं की लोक स्वारांची आठवण काढतात, निशाणाची काढतात, डंक्याची काढतात. आमचं काय गेलं ते कुणी विचारत नाही. आमची लीद गेली. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं जमणार नाही.

आम्ही कुंभार. कसब्यात, कुंभारवेशीजवळ आमची गल्ली, आणि आमच्या परसाला लागून सरकारी पागेची भिंत. भिंतीला एक खिंडार होतं. कुणी पाडलं माहीत नाही, बुजवलं मात्र कुणीच नाही, कारण सोय दोघांची होती. पागेत घोड्यांची निगा राखणारा एक म्हातारा मोतद्दार रोज सकाळी घोड्यांखालची लीद टोपलीत भरून त्या खिंडारातून आमच्या परसात ओतायचा आणि ओरडायचा, "परसाद घ्या!" आमची वहिनी नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्या सकाळी हे ऐकून पदर पसरून धावली होती. झालं! ती गोष्ट गल्लीनं तिला कधी विसरू दिली नाही.

आता लीद कशाला? तर माती चाळायची, भिजवायची, तिच्यात वाळलेली लीद चुरून घालायची आणि पायांनी तुडवायची. लिदीत गवताचे बारीक बारीक तंतू असतात. आवा, म्हणजे आमची भट्टी, पेटला की ते मातीच्या पोटात जळून जातात आणि तिथं डोळ्यांना दिसणारही नाहीत अशी छिद्रं राहतात. म्हणून आमच्या रांजणातलं पाणी गार. म्हणून आमचा रांजण आव्यात तडकत नाही. लीद गाढवाचीही चालते, गाढवं आमच्या दारात आहेतच. पण आमचं गाढव उकिरड्यावर चरणार आणि सरकारी घोडा धायरीचं गवत खाणार, वर हरभऱ्याची चंदी. फरक पडतो! आमच्या आबांना हातात घेऊन कळायचं, हा घोडा नीट खातोय, हा आजारी आहे. मोतद्दाराला जाऊन सांगायचे आणि ते खरं निघायचं.

एकदा वरच्या पेठेतल्या एक बाई रांजण घ्यायला आल्या आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, याला पागेचा वास येतोय."

आबा म्हणाले, "पाणी भरून ठेवा, वास जाईल. नाहीच गेला तर घोडा समजून दारात बांधा."

रांजण त्यांनी घेतला. दरवर्षी घेत होत्या.

आणि मला लिहिता येतं तेही पागेमुळेच. लहानपणी माझं तोंड बंद व्हायचं नाही. पागेच्या हिशेबाला बसणारे पागनीस दुपारी डुलकी काढायचे आणि मी शेजारी बसून बडबडायचो. एक दिवस त्यांनी वैतागून माझ्या हातात बोरू दिला. म्हणाले, "जे तोंडानं बोलतोस ते हातानं बोल. मला झोपू दे." अशी मला मोडी आली. तेव्हापासून हात थांबत नाही. आत्ताही बोरू शाईत पुरता बुडायच्या आत पुढचं वाक्य तयार आहे, सांभाळून घ्या.

तर पागा. दर दसऱ्याला ती मोहिमेवर निघायची आणि वैशाखात, फार तर ज्येष्ठ लागता लागता परत यायची. मधले महिने लिदीचा साठलेला ढीग आम्हाला पुरायचा. तो खाली जात जात तळाला लागला की घोडे येणारच, इतकं ते ठरलेलं. निघायच्या दिवशी आमच्या गल्लीची एक रीत होती. गल्लीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या कुंभारानं नवी कुंडी पाण्यानं भरून पागेच्या दारात धरायची. पहिल्या घोड्यानं तिला तोंड लावलं की उरलेलं पाणी उंबऱ्यावर ओतायचं आणि कुंडी दाराशेजारच्या कोनाड्यात पालथी घालायची. मग पागा परत येईपर्यंत तिला हात लावायचा नाही. परतलेल्या पहिल्या घोड्याला तीच कुंडी सुलटी करून पाणी पाजायचं. आणि कुंडी पालथी आहे तोवर गल्लीतल्या कुणी बिऱ्हाड हलवायचं नाही. हलवलं तर बाहेर गेलेले परत येत नाहीत. वडीलधारे म्हणजे आमचे आबा. कुंडी पालथी घालणारेही तेच.

त्या दसऱ्याला पागा निघाली तेव्हा डंका वाजला नाही. गाभण घोड्या आणि शिंगरं एरवी मागं राहायची, ती पण बाहेर काढली. मोतद्दारांच्या बायका निघाल्या, डोक्यावर गाठोडी. त्या दिवशी आमच्या दारात इतकं गिऱ्हाईक! वाटेसाठी मडकी, मुलांसाठी लोटकी. आबा खूष, दादा खूष, मी तर नाचत होतो. फक्त वहिनी दादाला हळूच म्हणाली, "अहो, मोहिमेला कुणी पाटा-वरवंटा नेतं का?"

दादा म्हणाला, "लढाईत चटणी लागत नाही का?"

सगळे हसले. मी सगळ्यात मोठ्यानं. म्हातारा मोतद्दार तेव्हा घोडीला धरून दारातून निघत होता. आमचं हसणं ऐकून त्यानं मान वळवली. रोज परसाद परसाद ओरडणारा माणूस, त्या दिवशी घोडीची दोरी ओढून नुसता चालता झाला. आबांनी कुंडी पालथी घातली.

पुढचं सगळं हळूहळू झालं, म्हणून कळलं नाही. पागेच्या कोपऱ्यावरचा नालबंद पहिले दोन महिने नाल ठोकून रास लावत होता, घोडे आले की एकदम कामाला येतील म्हणून. मग तो विळ्यांना धार लावायला लागला. समोरचा जीनगर खोगिरांचं कातडं कापून वहाणा शिवायला बसला आणि गिऱ्हाईकाला सांगायचा, "घाला बिनधास्त, स्वाराच्या बुडाखालचं कातडं आहे." हरभरा विकणाऱ्याच्या पोत्यांना किडे लागले. संक्रांतीला आम्ही सुगडं केली, तीही गेली नाहीत, कारण घेणाऱ्या बायका कुठं होत्या? त्या पाटे-वरवंटे घेऊन गेल्या होत्या.

बातमी नालबंदानं आणली. आमच्या ओट्यावर बसून म्हणाला, "पागा बरतर्फ झाली."

आबा चाकावर होते. चाक फिरत राहिलं.

"दरबारचा आणि गोऱ्यांचा करार झालाय," नालबंद म्हणाला. "लढाई आता गोऱ्यांची पलटण करणार. मग आपल्या घोड्यांना चंदी घालून कुणी पोसायचं? वाटले घोडे. काही बाजारात, काही या सरदाराला, काही त्या. माणसांना तर तेही नाही."

आबा म्हणाले, "कुंडी पालथी आहे."

"पालथ्या घड्यावर पाणी ऐकलं होतं," नालबंद उठत म्हणाला. "पालथ्या कुंडीवर संसार पहिल्यांदाच बघतोय."

दादानं त्याच दिवशी विषय काढला. नदीपलीकडं येरवड्याच्या अंगाला गोऱ्यांच्या छावणीसाठी वीटभट्टी लागली होती आणि मुकादम कुंभार शोधत होता. राहायला झोपडी, रोजची मजुरी. दादा म्हणाला, "आबा, माती तीच, नदी तीच. फक्त काठ बदलायचा."

"कुंडी पालथी असताना?"

"आबा, ते येत नाहीत हो आता!"

"तू आणायला गेला होतास का?"

वहिनीला त्या वेळी दिवस गेलेले होते. भाकरी आधी आबांच्या पानात, मग दादाच्या, मग माझ्या, आणि ती म्हणायची मला खाववत नाही. आम्हाला ते पटायचं, कारण दिवस गेलेल्या बायका असं म्हणतातच. मग एकदा मी तिला कच्च्या मातीचा खडा चोखताना पाहिलं. डोहाळे म्हणाली. मी विश्वास ठेवला. का नाही ठेवणार?

आणि आबांनी काय केलं माहीत आहे? सगळी लीद काढली! ढीग कमरेपर्यंतच उरला होता. जपून वापरला असता तर उन्हाळ्याचे रांजण निघाले असते, आणि रांजण शहरात कुणीही घेतं. पण फाल्गुनात आबा म्हणाले, पागा येईल तेव्हा एवढ्या घोड्यांना पाणी कशात पाजायचं, जुन्या कुंड्या फुटल्यात. आणि त्यांनी कुंड्या करायला घेतल्या. घोड्यांच्या कुंड्या! रुंद तोंडाच्या, जाड काठाच्या, ज्या घरात कुणी ठेवत नाही. दादानं माती तुडवली, मी तुडवली. माती थंड होती आणि लिदीचा वास येत होता आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं. वाटत होतं, आबा एवढं म्हणतायत तर त्यांना काहीतरी ठाऊक असेल.

आवा इतका छान लागला. उघडला तर एकही कुंडी तडकलेली नाही. टिचकी मारली की घंटेसारखी वाजायची. आम्ही त्या ओट्यावर रचल्या, ओटा भरला, मग परसात, मग माळ्यावर, मग वहिनीच्या अंथरुणाच्या उशाला. आबा त्यांच्यामधून वाट काढत फिरायचे आणि एकेकीवर टिचकी मारायचे. गल्लीतली पोरं त्यांच्यामागं टिचक्या मारत यायची.

मग रांजणांचं गिऱ्हाईक आलं आणि लीद नव्हती. आम्ही गाढवाची घातली, भुसा घातला, राख घातली. आवा उघडला तेव्हा आत खापरं. वरच्या पेठेतल्या त्या बाईंनी आपल्या गड्याला पाठवलं होतं. गडी खापरांकडं बघून म्हणाला, "काय सांगू बाईंना?"

आबा म्हणाले, "सांग, घोडा सुटला."

त्यानंतर खुंटे उपटले. पागेतले, घोडे बांधायचे. सुतार आले, गाडी घेऊन आले, आणि ठाणांमधले लाकडी खुंटे उपटून लाकडाच्या भावात घेऊन गेले. आम्ही खिंडारातून बघत होतो. जमिनीत नुसती भोकं राहिली. दादा आबांकडं बघत होता, मी दादाकडं. आबा म्हणाले, "खुंटे कुजतात. नवे ठोकतील."

धायरीची एक मावशी पागेला गवत पुरवायची, तिचा भारा नेहमी खिंडाराजवळ उतरायचा. वैशाख लागला, घोडे यायची वेळ झाली, म्हणून त्या दिवशी ती सवयीनं आली होती. गवत दारात टाकून आत गेली, भोकं बघून बाहेर आली आणि आमच्या ओट्यावर बसली.

"घोडं कुठं हायती?" तिनं विचारलं.

"मोहिमेवर," आबा म्हणाले.

मावशीनं आबांकडं नीट बघितलं. मग वहिनीकडं बघितलं. "पोरी, तू जेवतीस का न्हाई?" म्हणाली. वहिनी हसली. मावशीनं कमरेची भाकरी सोडून तिच्या हातात दिली. म्हणाली, "माझ्याकडं गवताच्या गंज्या लागल्यात. घराएवढ्या. गाईबैलं किती खातील? पावसात काळं पडंल सगळं." आणि मग, एकदम सहज, "म्हाताऱ्या, सून वाळतीया तुजी. बघतोस का?"

आबा उठून आत गेले.

वहिनी त्याच आठवड्यात बाळंत झाली. दिवस भरायला अजून खूप अवकाश होता. सुईणबाईंनी आम्हाला बाहेर काढलं आणि मी आणि दादा ओट्यावर कुंड्यांच्या मधे बसून राहिलो. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून ऐकत होतो. आला नाही. दादानं हाताशी असलेल्या एका कुंडीवर उगाच टिचकी मारली. मग मला म्हणाला, "ती उठून चालायला लागली की मी तिला घेऊन जातो. आबा आले तर आले." त्यानं आवाज खाली केला नव्हता. आबा दारातच उभे होते.

दुसऱ्या दिवसापासून आबा पागेच्या दारात जाऊन बसायला लागले, कोनाड्याच्या समोर. सकाळी जायचे, ऊन डोक्यावर आलं की मी भाकरी घेऊन जायचो. मी विचारलं, "आबा, नुसती सुलटी करून टाकली तर?"

"घोड्याशिवाय?" आबा म्हणाले. असे बघत होते माझ्याकडं, जसं काही मी आव्यात पाणी ओता म्हणालो.

मला तेव्हा कळलं की ते हट्टानं बसले नव्हते. त्यांना खरंच जाता येत नव्हतं. कुंडी त्यांनी पालथी घातली होती. ते उठून गेले असते तर पागा त्यांच्यामुळं परत आली नाही असं झालं असतं, त्यांच्या मनात तरी. एवढे घोडे, एवढी माणसं, सगळ्यांचा परतीचा रस्ता एका म्हाताऱ्याच्या मांडीखाली. आणि इकडं वहिनी भिंतीला धरून परसापर्यंत जाऊन येत होती, आणि दादा गाढवावर घालायची पडशी शिवत होता. मी दोघांच्या मधे. माझ्या बडबडीचा कुणाला काही उपयोग नव्हता.

ज्येष्ठ अर्धा सरला होता तेव्हा तो आला. म्हातारा मोतद्दार. मी भाकरी घेऊन निघालो होतो आणि गल्लीच्या तोंडाशी मला तो दिसला, आधी ओळखलाच नाही. दाढी वाढलेली, पायात काही नाही. हातात दोरी आणि दोरीला एक घोडी. तीच, दसऱ्याला तो धरून निघाला होता ती. एका डोळ्यात फूल पडलेलं, बरगड्या मोजाव्यात अशी, मागचा एक पाय ओढत चालत होती.

"हिला कुणी घेईना," तो मला म्हणाला, जसं काही आम्ही कालच बोललो होतो. "बाजारात उभी केली, लोक दात बघायचे आणि हसायचे. सरदाराचा माणूस म्हणाला, सोडून दे माळावर. मी म्हटलं, घर ठाऊक आहे तिला."

"बाकीचे?" मी विचारलं.

"कसले बाकीचे रे?"

तो पागेच्या दाराशी आला. आबा उठून उभे राहिले. दोघं एकमेकांकडं बघत होते. मोतद्दारानं दारातून आत पाहिलं, त्या भोकांकडं, आणि पटकन मान खाली घातली. नालबंद आपल्या धारेच्या दगडावरून उठून आला. जीनगर आला. धायरीची मावशी त्या दिवशी वेशीत गवत विकायला बसली होती, ती आली. दादा आला, आणि त्याच्या मागं, भिंतीला धरत धरत, वहिनी.

आबांनी कोनाड्यातली कुंडी काढली. खाली मुंग्यांनी घर केलं होतं, ते त्यांनी हातानं झाडलं. कुंडी सुलटी केली आणि माझ्याकडं बघितलं. मी धावत जाऊन पाणी आणलं. आबांनी कुंडी भरली, दोन्ही हातांत धरली आणि घोडीच्या तोंडाशी नेली.

घोडी प्यायली. अशी प्यायली की तळ खरवडल्याचा आवाज आला. मी परत पाणी आणलं. ती परत प्यायली. मग घोडीनं तिथंच, पागेच्या उंबऱ्यावर, लीद टाकली. थोडीशी, कोरडी. मोतद्दाराच्या तोंडून सवयीनं निघालं, "परसाद..."

आबा खाली वाकले. ती लीद त्यांनी बोटांत चुरून बघितली.

"हिला महिनोन्महिने चंदी नाही," ते मोतद्दाराला म्हणाले.

"नाही," तो म्हणाला. "मलाही नाही."

मावशी पुढं झाली आणि तिनं घोडीची दोरी त्याच्या हातातून घेतली. "चला धायरीला. दोघंबी. गवात हाय माझ्याकडं, दुसरं काय बी न्हाई."

आबांनी हात धोतराला पुसले. दादाकडं वळले. माझ्या आठवणीत आबा दादाच्या डोळ्यांत बघून कधी बोलले नव्हते, तेव्हा बोलले. "आली पागा," म्हणाले. "आता निघायला हरकत नाही."

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. वहिनी गाढवावर, बाकी सगळे पायी. चाक नेलं नाही, विटांना चाक लागत नाही. घोड्यांच्या कुंड्या आहेत तिथंच ठेवल्या, पोरांनी फोडल्या असतील. दाराला कुलूप लावायला कुलूप नव्हतं आणि चोरायला काही नव्हतं.

हे मी वीटभट्टीवर बसून लिहितोय. साचा भरायचा, वरून पट्टी फिरवायची, उलटा करायचा, पुढचा. हात झरझर चालतो, मुकादम खूष आहे. वहिनी मडक्यातलं पाणी सगळ्यांना वाढते. मडकं विकतचं आहे, बाजारातलं. पाणी गार होत नाही. ती आता खाते, पण बोलत नाही फारशी, आणि दादा कामावरून आला की तिच्याजवळ नुसता बसून राहतो.

आणि छावणी इथून दिसते. घोडेच घोडे! उंच, तुकतुकीत, आमच्या पागेत कधी नव्हते एवढे. एका दुपारी मला राहवलं नाही. मी त्यांच्या तबेल्यामागं गेलो. तिथं लिदीचा डोंगर, कुणालाच नको असलेला. पहारेकरी बघून हसला, ने म्हणाला, पाहिजे तेवढी ने. मी टोपली भरली आणि धावत आलो. धापा टाकत आबांच्या पुढ्यात ठेवली.

आबांनी एक मूठ घेतली. चुरली. नाकाशी नेली. बराच वेळ धरून ठेवली.

"चांगली आहे," ते म्हणाले. "उत्तम खातायत."

मग मूठ झटकून टाकली आणि पुढचा साचा ओढला. "विटेला राख पुरते रे," म्हणाले. "टोपली रिकामी कर, माती आणायची आहे."